दक्षिणेने काय विकत मिळते?

अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांत एक जुना टोमणा चालत आला आहे. एखादीने क्विल्टचा वरचा थर स्वतः जोडला आणि त्यावर टाके घालायचे काम पैसे देऊन दुसरीकडे सोपवले, की म्हणतात, ही हाताने केलेली नाही आणि मशीननेही केलेली नाही, ही चेकने केलेली क्विल्ट. टोमणा हसत हसत मारला जातो, पण त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादी वस्तू कुणाची कृती मानायची? जिने ती मनात धरली आणि तिचा खर्च सोसला तिची, की जिच्या हातांनी ती पुरी झाली तिची? आणि मोबदला दिल्या-घेतल्याने या उत्तरात काही फरक पडतो का? घरच्या घरी लाँगआर्म मशीन चालवून दुसऱ्यांच्या क्विल्ट पुऱ्या करून देणाऱ्या बाईच्या व्यवसायात हा प्रश्न रोज उभा असतो, आणि तिथे त्याची उत्तरे बहुधा टोमण्याने किंवा मौनाने दिली जातात. माझे म्हणणे असे की मोबदला दिल्याने काम करून घेणारीचा फळावरचा हक्क शाबूत राहतो, पण करणारीचे कर्तेपण त्या मोबदल्यात विकले जात नाही. फळ आणि कर्तेपण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की वाद सुटतो, आणि त्या वेगळ्या कशा ठेवाव्यात याचा सर्वांत काटेकोर विचार मला आधुनिक कलामीमांसेत न सापडता जैमिनीच्या पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, सापडतो.

आधी काम नीट समजून घेऊ. क्विल्टला तीन थर असतात. वर कापडाचे तुकडे जोडून केलेला टॉप, मधे कापसाचे किंवा पॉलिएस्टरचे बॅटिंग आणि खाली अस्तर, ज्याला तिथे बॅकिंग म्हणतात. हे तिन्ही थर एकत्र धरणारे टाके घालणे, हे खरे क्विल्टिंग. घरगुती शिलाई मशीनमध्ये सुईच्या उजवीकडे कापड मावायला थोडेच इंच जागा असते. पलंगभर पसरणारी क्विल्ट तेवढ्या जागेतून गुंडाळून सरकवत राहणे जमते, पण खांदे आणि मनगटे त्याची किंमत मोजतात. लाँगआर्ममध्ये ही जागा साधारण 18 ते 30 इंच असते, आणि मुख्य म्हणजे कामाची दिशाच उलटते. कापड 10 ते 14 फूट लांबीच्या चौकटीवर रुळांमध्ये ताणून स्थिर राहते आणि मशीन चाकांवर फिरते. हजारो डॉलरचे हे यंत्र आणि ते मावेल एवढी खोली प्रत्येकीला परवडत नाही, म्हणून ज्या एखादीने ते तळघरात किंवा गॅरेजात बसवले आहे तिच्याकडे इतर जणी आपले टॉप आणून देतात. टॉप आणि बॅकिंग वेगवेगळे आणायचे, बॅकिंग चारी बाजूंनी सुमारे 4 इंच मोठे ठेवायचे, कारण ते चौकटीला अडकवून ताणावे लागते. मग नक्षी ठरते, दोऱ्याचा रंग ठरतो. सगळ्या टॉपवर एकसारखी पसरणारी नक्षी हवी असेल तर दर कमी. प्रत्येक ब्लॉक, म्हणजे टॉपमधला एकेक जोडलेला चौकोन, पाहून वेगळे टाके घालायचे असतील तर दर बराच वर जातो. आकारणी चौरस इंचावर होते. 60 बाय 80 इंचांची क्विल्ट 4,800 चौरस इंच भरते, म्हणजे इंचाला 2 सेंट धरले तर 96 डॉलर. काम झाले की क्विल्ट मालकिणीकडे परत जाते, ती कडेची बाइंडिंग लावते आणि बहुतेकदा ती कुणाला तरी भेट देते. भेट घेणाऱ्याला चौकटीशी उभ्या राहिलेल्या बाईचे अस्तित्वही ठाऊक नसते.

टोमणा मारणाऱ्यांच्या मनात असे असते की पूर्वी क्विल्ट एका बाईच्या एका जोडी हातांतून निघायची आणि मशीनवाल्यांनी ही शुद्धता बाटवली. इतिहास या समजाला आधार देत नाही. अमेरिकेतल्या चर्चच्या महिला मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे टॉप हाताने क्विल्ट करून दिले आणि त्या पैशातून मंडळाचा खर्च चालवला. किती दोरा खपला यावर आकारणी करण्याचीही रीत होती. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात विक्रीसाठी होणाऱ्या, आमिश या ख्रिस्ती पंथाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्विल्टवर रेघा आखणारी, तुकडे जोडणारी आणि टाके घालणारी वेगळी असणे नेहमीचे आहे, आणि ‘आमिश’ म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक क्विल्टना आग्नेय आशियातून निर्वासित होऊन आलेल्या मोंग बायकांचे हात लागले आहेत. अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका टॉप एकट्याने जोडत आणि टाके घालायला शेजारणींसोबत बसत. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात 2002 साली त्या क्विल्ट झळकल्या तेव्हा पाटीवर नाव टॉप जोडणारीचे होते. एकहाती निर्मितीचा आग्रह बळावला तो क्विल्ट पलंगावरून भिंतीवर गेली आणि स्पर्धेत उतरली तेव्हा. केंटकीतल्या पादुका शहरातल्या राष्ट्रीय प्रदर्शनात 1989 साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळाले आणि मोठी खळबळ उडाली. मशीन चालते हे हळूहळू मान्य झाले. दुसरीचा हात चालतो का, हा वाद मात्र राहिला, आणि आता मोठ्या प्रदर्शनांत दोघींनी मिळून केलेल्या क्विल्टचा वेगळा विभाग असतो. दरम्यान मागणी वाढतच गेली. मिसूरीतल्या हॅमिल्टन या छोट्या गावी डोन कुटुंबातल्या मुलांनी 2008 साली आईसाठी लाँगआर्म घेतले, ते मुळात इतरांच्या क्विल्ट पुऱ्या करून देण्यासाठीच. त्यातून मिसूरी स्टार ही कंपनी उभी राहिली. दुसरीकडून काम करून घेणे म्हणजे परंपरेचा भंग, असे म्हणता येत नाही. ती स्वतःच एक परंपरा आहे.

पण प्रथा आहे म्हणून न्याय्य आहे, असे होत नाही. तेव्हा तत्त्वाकडे वळू. या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत आणि दोन्ही लंगडी आहेत. पहिले उत्तर पैशाचे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 17व्या शतकाच्या अखेरीस मालकीचा उगम श्रमात शोधला: माणूस आपले श्रम ज्या वस्तूत मिसळतो ती त्याची होते. पण त्याच विवेचनात तो सहज सांगून जातो की माझ्या नोकराने कापलेली गवताची ढेकळे माझीच ठरतात. म्हणजे चाकराचे श्रम मालकाच्या खात्यात आपोआप जमा. या हिशोबाने 96 डॉलर मोजले की हजारो टाके मालकिणीचेच झाले आणि ते घालणारी बाई हिशोबातून नाहीशी झाली. दुसरे उत्तर हाताचे: जिचा टाका तिची कृती. ते ऐकायला न्यायाचे वाटते, पण त्याच्या टोकाला गेले तर कापड विणणारा, रंगवणारा, नक्षी आखून देणारी, सगळेच कर्ते ठरतात आणि जिने आठ महिने रंग जुळवत, तुकडे कापत, कुणाच्या तरी लग्नाचा किंवा बाळंतपणाचा विचार मनात धरून टॉप केला ती त्या गर्दीतली एक होते. पहिल्या उत्तरात करणारी हरवते, दुसऱ्यात करवणारी. दोघींनाही जागा देणारी मांडणी हवी.

ती मांडणी मीमांसेतल्या यज्ञाच्या चर्चेत आहे. सोमयागाला 16 ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, लागतात. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चौघे आणि प्रत्येकाचे तीन साहाय्यक. मंत्र ते म्हणतात, आहुती त्यांच्या हातून पडतात, सोम ते कुटतात. यज्ञ करवणारा यजमान बराचसा वेळ बसून असतो. तरी यज्ञाचे फळ यजमानाला मिळते, असे शास्त्र सांगते. हे कसे, असा सरळ प्रश्न मीमांसकांनी स्वतःलाच घातला. स्वर्ग ज्याला हवा त्याने यज्ञ करावा असा विधी आहे, तर मग ज्याला फळ हवे त्यानेच सगळे करायला नको का, असा पूर्वपक्ष जैमिनीच्या तिसऱ्या अध्यायात रीतसर मांडला आहे. क्विल्टच्या टोमण्याचे हे जवळजवळ वैदिक रूप म्हणायला हरकत नाही. सिद्धान्त असा की यज्ञाचा गाभा दोन गोष्टींत आहे: अमुक देवतेसाठी म्हणून द्रव्यावरचा आपला हक्क सोडणे, आणि ऋत्विजांना दक्षिणा देऊन कामाला लावणे. या दोन गोष्टी यजमानानेच करायच्या. बाकीची अंगे इतरांनी करायची, कारण त्यांना नेमण्याचा विधी शास्त्रानेच सांगितला आहे. दक्षिणेचे स्वरूपही मीमांसकांनी रोखठोक ठरवले. तो पुण्यासाठी केलेला दानधर्म नव्हे, ऋत्विजांची सेवा मिळवण्यासाठी दिलेला मोबदला आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत काढला, त्यामुळे महाराष्ट्राला या चर्चेचे मोठे भांडार हाताशी आहे. पण आपण तिला कर्मकांडाची किचकट बाब समजून बाजूला ठेवतो. वास्तविक ‘एकाचे काम दुसऱ्याने केले तर ते कुणाचे?’ या प्रश्नावरचा तो अतिशय सूक्ष्म विचार आहे.

हा विचार क्विल्टला लावून पाहू. टॉप जोडणारी बाई यजमानाच्या जागी आहे. संकल्प तिचा, द्रव्य तिचे, आणि शेवटी वस्तूवरचा हक्क सोडून ती दुसऱ्याच्या हाती देणे हेही तिचेच. लाँगआर्मवालीला ती अंगे सोपवते, गाभा सोपवत नाही. यजमानाला प्रतिनिधी चालत नाही, असे मीमांसा स्पष्ट म्हणते. तांदूळ नसतील तर त्याच्या जागी दुसरे धान्य चालेल, पण ज्याला फळ हवे त्याच्या जागी दुसरा माणूस बसवता येत नाही. तसेच इथे. नातवासाठी क्विल्ट करायचे आजीने ठरवले आणि टाके दुसरीने घातले, तर ती आजीचीच क्विल्ट राहते, कारण नातवाला द्यायची इच्छा आणि ती देण्याची क्रिया मशीनवालीने तिच्या जागी केलेली नाही. उलट बाजारातून तयार क्विल्ट आणून कुणी ‘मी केली’ म्हणेल तर ते खोटे, कारण तिथे सोपवायला गाभाच नव्हता. टोमणा मारणाऱ्यांना जी सीमारेषा हवी आहे ती इथे आहे. पैसे दिले की नाही याने ती ठरत नाही. संकल्प आणि त्याग कुणी केला, याने ठरते.

मीमांसेने याच्या शेजारी दुसरा नमुनाही ठेवला आहे. सत्र नावाच्या दीर्घ सोमयागात 17 ते 24 जण एकत्र बसतात, सगळेच यजमान आणि सगळेच ऋत्विज. तिथे दक्षिणा नाही, कारण कुणी कुणाला नेमलेले नाही. आणि फळ वाटून मिळत नाही, प्रत्येकाला पुरे मिळते. याचे क्विल्टमधले सर्वांत जवळचे रूप म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत 1987 साली सुरू झालेली मोठी क्विल्ट. एकेका मृताच्या नावाने 3 बाय 6 फुटांचा एकेक तुकडा, कबरीच्या आकाराचा. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते. तिथे टाके कुणाचे हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण सगळे एकाच संकल्पाचे धनी होते. लाँगआर्मचा व्यवसाय सत्र नाही, आणि त्याने सत्र असल्याचा आवही आणू नये. ‘आपण सगळ्या मैत्रिणीच’ असे म्हणत दर पाडून मागणारे गिऱ्हाईक नेमके हेच करते. सत्राचा जिव्हाळा पुढे करून दक्षिणा चुकवते. जिथे एकीने दुसरीला नेमले आहे तिथे मोबदला पुरा आणि वेळेवर द्यायचा, हा त्या नात्याचा धर्मच आहे.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. फळ यजमानाचे असले तरी होता हा होताच राहतो आणि अध्वर्यू अध्वर्यूच. दक्षिणा घेतली म्हणून त्याचे पद यजमानाकडे जात नाही. मंत्र कुणी म्हटला या प्रश्नाचे उत्तर नेहमी होता हेच असते. लॉकच्या नोकराहून ऋत्विज वेगळा आहे तो इथे. त्याची सेवा विकत मिळते, त्याची ओळख मिळत नाही. योगायोगाने अमेरिकेचा कायदाही याच दिशेने गेला आहे. जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली ठरवले की पगारी नोकर नसलेल्या, स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या कलाकाराला केवळ पैसे देऊन काम सांगितले म्हणून काम देणारा त्या कृतीचा कर्ता ठरत नाही. घरी मशीन चालवणारी बाई अशीच स्वतंत्र असते. अवजार तिचे, जागा तिची, वेळ तिची. पण पद आले की पदाची मर्यादाही आली. ऋत्विजाने यजमानाच्या यज्ञात आपली कामना घुसवायची नसते, आणि चुकीच्या उच्चाराने यजमानाचा घात होतो अशी समजूत वैदिकांत खोल रुजलेली आहे. लाँगआर्मवालीलाही हे लागू आहे. टॉपची किनार लहरदार झालेली असते, ब्लॉक चौकोनी आलेले नसतात, आणि ‘टाके घातले की बसेल सगळे’ असे म्हणून गिऱ्हाईक ते सोपवून जाते. जास्तीचे कापड चुण्या न पडू देता टाक्यांत मुरवणे, टॉपमधल्या उणिवांची चर्चा चार जणींत न करणे, दोऱ्याचा ताण बिघडून पाठीमागे फासे पडले तर ते निमूट उसवून पुन्हा घालणे, आणि साध्या चौकड्यांच्या टॉपवर आपल्या कौशल्याची पिसे न मिरवणे, ही या व्यवसायाची नीती आहे. दुसऱ्याच्या संकल्पात राहून आपली कला पणाला लावायची, पण तो संकल्प झाकायचा नाही. हे जिला साधते तिचे नाव तिला कुणी उपकार म्हणून देण्याची गरज नाही. ती तिने मिळवलेली गोष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप यंत्राचा. आता अनेक लाँगआर्मना संगणक जोडलेला असतो. नक्षी पडद्यावर निवडली की मशीन आपोआप ती काढते. मग कर्तेपण कुणाचे, बाईचे की संगणकाचे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्यामागची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. ज्ञानेश्वरीत या पाचांचा विस्तार आहे. या हिशोबात संगणक करणात, म्हणजे साधनांत मोडतो, आणि साधन कितीही चतुर झाले तरी करण राहते. कापड सरळ ताणले आहे का, प्रत्येक टप्प्याला नक्षी मागच्या ओळीशी जुळते का, बॉबिन कधी संपणार, ताण कधी बिघडला, हे पाहणारी आणि त्याची जबाबदारी घेणारी बाईच असते. दोरा तुटला तर गिऱ्हाईक संगणकाला जाब विचारत नाही. ज्याच्याकडे जाब मागता येतो तो कर्ता, ही कसोटी इथे पुरेशी आहे. मात्र याच पाच कारणांचा धडा मालकिणीलाही लागू होतो आणि मशीनवालीलाही. दोघींपैकी कुणीच ‘मी एकटीने’ म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त हळवा आहे. क्विल्ट ही बहुधा प्रेमाची भेट असते, आणि प्रेम भाड्याने करून घेता येत नाही. खरे आहे. म्हणूनच त्याग सोपवता येत नाही, असे वर म्हटले. पण प्रेम आणि श्रम एकच मानले तर जिचे हात संधिवाताने जखडले आहेत, जिला वेळ नाही, जिच्याकडे जागा नाही, तिला प्रेमाचाही अधिकार उरत नाही. त्याहून अवघड प्रसंग मृत्यूचा आहे. आई किंवा आजी गेल्यावर कपाटात जोडून ठेवलेले टॉप सापडतात, आणि घरातले कुणी ते लाँगआर्मवालीकडे घेऊन जाते. आता संकल्प करणारी हयातच नाही. मीमांसेत सर्वस्वार नावाच्या यज्ञाची चर्चा आहे. त्यात यजमान यज्ञ चालू असतानाच देह ठेवतो आणि जाताना ऋत्विजांना यज्ञ पुरा करा म्हणून सांगतो. यजमान नाही तर यज्ञ थांबवावा का? सिद्धान्त असा की तो पुरा करावा, कारण पुरा करण्याची प्रेरणा तो मागे ठेवून गेला आहे. कपाटातल्या टॉपने लेखी आज्ञा दिलेली नसते. पण जोडून झालेला टॉप पुरा होण्यासाठीच जोडलेला असतो, एवढे त्याच्याकडे पाहून कळते. अशा वेळी लाँगआर्मवालीवरचा संयम दुप्पट होतो, कारण नक्षी पसंत नाही म्हणायला मालकीण उरलेली नाही. आणि क्विल्ट आजीचीच राहते, आणून देणाऱ्या नातीची होत नाही.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधीच उभा राहिला असेल. यजमान-ऋत्विजांची ही व्यवस्था जातीच्या भिंतीत उभी होती. मीमांसेच्या सहाव्या अध्यायाने शूद्राला यज्ञाचा अधिकारच नाकारला. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि भटाशिवाय लग्ने लावून दाखवली, ती याच मध्यस्थीविरुद्ध. मग अशा शास्त्राकडून न्यायाचे धडे का घ्यायचे? उत्तर असे की फुल्यांचा घाव मक्तेदारीवर आणि सक्तीवर होता. आमच्यावाचून तुमचे कर्म सिद्धच होणार नाही, असे म्हणत दक्षिणा उकळणाऱ्यावर होता. दुसऱ्याचे कौशल्य राजीखुशीने, योग्य दाम देऊन घेणे हा त्याचा विषय नव्हता. लाँगआर्मवाली कुणाला अडवू शकत नाही. टॉप घरच्या मशीनवर किंवा हाताने पुरा करायची वाट खुलीच असते, आणि ज्यांना ती धरायची आहे त्यांनी जरूर धरावी. मीमांसेचे दार कुणासाठी उघडे होते हा तिचा दोष आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. फळ आणि कर्तेपण यांतला तिने दाखवलेला भेद त्या दाराशी बांधलेला नाही. उलट श्रम करणाऱ्याचे नाव गिळणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेविरुद्ध तोच भेद हत्यार म्हणून वापरता येतो.

शेवटचा आक्षेप तर्काचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. यज्ञाचे फळ अदृष्ट असते. ते कुणाला मिळावे हे शास्त्राने सांगितले की संपले. क्विल्ट डोळ्यांना दिसते, आणि तिचे निम्मे सौंदर्य टाक्यांतच असते. दिसणाऱ्या गुणाचे श्रेय अदृष्टाच्या नियमाने कसे वाटायचे? याचे उत्तर देताना माझ्या मांडणीला मुरड घालावी लागते. क्विल्टकडे दोन नजरांनी पाहता येते. ती कुणीतरी कुणासाठी केलेली गोष्ट आहे, आणि ती कापड, दोरा, रेषा यांची एक रचना आहे. पहिल्या नजरेत ती टॉप करणारीची आहे आणि तिथे यजमानाचा नियम पुरा लागू पडतो. दुसऱ्या नजरेत गुण जिथे दिसतो तिथे तो जिच्या हातून उतरला तिचा. म्हणून प्रदर्शनात क्विल्टिंगबद्दल बक्षीस मिळाले तर ते एकटीने घेऊन घरी जाणे गैर आहे, मग त्या टाक्यांचे सेंटन्‌सेंट चुकते केलेले असोत. दोघींचा वेगळा विभाग करणाऱ्या प्रदर्शनांनी हे ओळखले. मात्र वेगळा विभाग हा कमी दर्जाचा विभाग मानला जाणार असेल तर टोमणा नुसता छापील नियमात जाऊन बसेल.

अनामिकतेची किंमत किती असते हे क्विल्टच्या इतिहासानेच दाखवले आहे. व्हिटनी संग्रहालयात 1971 साली जुन्या अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर मांडल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेकींच्या करणाऱ्या बायकांची नावेच उरलेली नव्हती. दहा वर्षांनी, 1981 साली, केंटकीत जुन्या क्विल्टची नोंद करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे इतर राज्यांनी तो उचलला. घराघरांतल्या क्विल्ट बाहेर काढून कोणती कुणी केली हे विचारत फिरावे लागले, कारण लिहून ठेवणे त्या वेळी कुणाला महत्त्वाचे वाटले नव्हते. आज ते टाळायला पाठीमागे शिवलेला हातभर कापडाचा तुकडाही लागत नाही, तळहाताएवढा पुरतो. त्यावर टॉप कुणी केला आणि क्विल्टिंग कुणी केले, अशी दोन नावे आणि वर्ष लिहावे. आपल्याकडे जुनी लुगडी आणि धोतरे देऊन गोधडी शिवून घेणाऱ्या घरांनाही हे लागू आहे. ती गोधडी आजीच्या लुगड्याची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते आणि तिच्यावर धावदोरा घालणाऱ्या बाईचे नाव दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही. गोधडी आजीची म्हणण्यात काही चूक नाही. शिवणारीला दाम देऊन तिच्याशी हिशोब संपला असे मानण्यात आहे. तेव्हा काम सोपवताना दर पाडून मागू नका, दाम वेळेवर द्या, आणि वस्तू पुढच्या हातात देताना ती कुणी शिवली हे नाव घेऊन सांगा.